कम्युनियनच्या कुकीजवर जांभळा रंग पसरतो, पांढऱ्यावर डाग पडतात: काय तपासायचं

पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे कॅथलिक मुलं पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतात त्या समारंभाच्या कुकीवरची नक्षी बहुतेक ठरलेली असते. पांढरी जमीन, त्यावर सोनेरी चषक, गव्हाची लोंबी आणि जांभळ्या द्राक्षांचा घड. यात सगळ्यात जास्त छळतात ती द्राक्षं. वसई पट्ट्यात घरून ऑर्डरी घेणाऱ्या बायका मला जे फोटो पाठवतात, त्यातले बहुतेक याच एका दुखण्याचे असतात. रात्री कुकी देखणी दिसते, आणि सकाळी द्राक्षांभोवती जांभळट ओघळ उतरलेला असतो. दृढीकरणाच्या (कन्फर्मेशन या चर्चमधल्या विधीच्या) कुकीवर लाल ज्वाळांचं हेच होतं, आणि मारियामातेच्या सणाला गडद निळ्या झग्याचं.

आधी लक्षणं बघा. आपल्या कुकीला नेमकं काय झालंय ते ठरवल्याशिवाय उपायाला हात घालू नका.

- गडद रंगाचा काठ धारदार न राहता केसाळ दिसतो, शेजारच्या पांढऱ्यात रंग झिरपतो.
- जिथे रंग नाहीच, तिथेही पिवळसर, ओलसर दिसणारे चट्टे येतात.
- द्राक्षाच्या मण्याच्या मधोमध खड्डा पडतो.
- वरून कोरडी वाटणारी कुकी पाकिटाच्या प्लॅस्टिकला चिकटते.
- जांभळा रंग चार दिवसांत निळसर किंवा करडा पडतो.

पहिलं, तिसरं आणि चौथं लक्षण पाण्याचं आहे. दुसरं लोण्याचं. पाचवं उजेडाचं किंवा रंगाच्या जातीचं. पाण्याचं आणि लोण्याचं दुखणं एकत्र आलं की माणूस गोंधळतो आणि थेट रंगाची बाटली बदलायला धावतो. बाटलीचा दोष क्वचितच असतो. महागडा परदेशी जेल रंगही ओल्या आयसिंगवर पसरणारच, कारण हे रंग पाण्यात विरघळणारे असतात. दोन रंगांच्या मधे पाणी असेपर्यंत गडदाकडून फिक्याकडे जायला वाट मोकळी असते. पाणी उडून साखर घट्ट झाली की ती वाट बंद. पुढची जवळजवळ प्रत्येक तपासणी हे पाणी कुठून आलं आणि का उडालं नाही, हे शोधण्यासाठी आहे.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

सुरुवात एका साध्या कुकीपासून करा. पुढच्या वेळी ट्रेमधल्या दोन कुकीजवर फक्त पांढरं आयसिंग घालून तशाच सोडा, नक्षी काही नको. सकाळी त्यांच्यावरही चट्टे दिसले तर तुमचं दुखणं खालून, म्हणजे बिस्किटातून येतंय. मग लोण्याच्या भागाकडे जा. त्या दोन स्वच्छ राहिल्या आणि द्राक्षंवाल्या बिघडल्या, तर प्रश्न वरच्या पाण्याचा आहे. हे एवढंच केलं तरी निम्मी शोधाशोध वाचते.

मग विचारा, फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या का? उन्हाळ्यात आयसिंग केलेली कुकी फ्रिजमध्ये सरकवायचा मोह होतो. तिथे ती सुकत नाही. बाहेर काढली की थंड पृष्ठभागावर हवेतलं बाष्प बसतं, दव पडावं तसं, आणि रंग त्या ओलीत धावायला लागतो. रॉयल आयसिंगला, म्हणजे साखर आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या या आयसिंगला, फ्रिजची गरजच नसते, त्यात साखर इतकी असते की कोरड्या जागी झाकून ठेवलं तर पुरतं.

पंखा लावला होता का? "पंख्याने धूळ बसेल" म्हणून पुष्कळ जणी ट्रे कपाटात बंद करून ठेवतात. याच्या अगदी उलट करायला हवं. आयसिंग घातल्या घातल्या पहिला तास-दोन तास टेबलफॅन मंद वेगावर ट्रेच्या अंगावरून फिरू द्या. वरचा पापुद्रा जितका लवकर धरतो, तितकी चकाकी येते, मण्यांचे खड्डे कमी होतात आणि रंगाला पसरायला वेळ मिळत नाही. बंद कपाटात कुकीतून निघालेली ओल तिथल्या तिथेच घुटमळत राहते.

जमीन सुकायच्या आत द्राक्षं घातली होती का? माझ्या पाहण्यात सर्वाधिक कुकीज इथेच बिघडतात. पांढऱ्या आयसिंगला बोट लावलं, चिकटलं नाही, म्हणजे सुकलं असं समजून वर जांभळं चढवलं जातं. वरचा पापुद्रा तासाभरात धरतो, पण खालचा थर अजून ओलाच असतो. गडद रंग चढवायच्या आधी जमीन रात्रभर सुकू द्या, आठ ते बारा तास. पावसाळी हवेत पूर्ण दिवस. ऑर्डर रविवारच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर) द्यायची असेल तर जमीन गुरुवारी, द्राक्षं शुक्रवारी, सोनेरी काम आणि पॅकिंग शनिवारी. शनिवारी एका बैठकीत सगळं उरकायला गेलात तर रंग उतरणार हे धरूनच चाला.

सुरी आणि घड्याळ

आता आयसिंगचा पातळपणा. भांड्यातल्या आयसिंगमधून सुरीने एक रेघ ओढा आणि ती पूर्ण मिटायला किती सेकंद लागतात ते मोजा. जमीन भरायच्या आयसिंगची रेघ १० ते १५ सेकंदांत मिटावी. द्राक्षांच्या मण्यांसाठी ते घट्ट हवं, २० ते २५ सेकंद, म्हणजे मणी फुगीर बसतो आणि पसरत नाही. पाच-सहा सेकंदांत रेघ गायब होत असेल तर त्यात पाणी जास्त आहे. ते उडायला जास्त वेळ लागणार, आणि तेवढा सगळा वेळ रंग सरकत राहणार. मण्यात खड्डा पडतो तोही याच कारणाने. आतला पातळ भाग बसत जातो आणि वरच्या कोवळ्या पापुद्र्याला खाली ओढतो.

उपाय स्वस्त आहे, एकेक चमचा आयसिंग शुगर घालून पुन्हा मोजा. उलट दिशेने जाताना पाणी चमच्याने ओतू नका, फवाऱ्याच्या बाटलीने एक-दोन फवारे मारा. थेंबाथेंबाने फरक पडतो.

प्रमाणाचा अंदाज हवा असेल तर ४५० ग्रॅम आयसिंग शुगरला तीन मोठे चमचे मेरांग पावडर (मुख्यतः अंड्याच्या सुकवलेल्या पांढऱ्या बलकाची पावडर) आणि सुमारे ९० मिलिलिटर पाणी, हे घट्ट आयसिंग झालं. मग लागेल तसं पातळ करायचं. अंड्याचा कच्चा पांढरा बलक वापरणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. कम्युनियनच्या पार्टीत कुकीज खाणारी बहुतेक सात-आठ वर्षांची पोरं असतात आणि सोबत आजी-आजोबा. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला या जिवाणूचा धोका असतो, त्यामुळे मी मेरांग पावडरच वापरा असं सांगते. चार पैसे जास्त जातात, जाऊ द्यात.

मणी घालताना लागोपाठचे मणी एकदम घालू नका. एक सोडून एक घाला, पंधरा-वीस मिनिटांनी मधले भरा. नाहीतर ओले मणी एकमेकांत मिसळून घडाऐवजी वांगं दिसतं.

रंग किती आणि कसला

किराणा दुकानात मिळणारा पातळ रंग म्हणजे मुख्यतः पाणी. गडद जांभळं येईपर्यंत तो ओतत गेलात की आयसिंग पातळ होतं आणि वरची सेकंदांची सगळी मोजणी वाया जाते. गडद रंगांना जेल किंवा पावडरच घ्या. तेलातले चॉकलेटचे रंग मात्र नकोत. रॉयल आयसिंगमध्ये तेल गेलं की ते मोडतं.

जेल घेतला तरी हात आखडता ठेवा. जांभळा, लाल, निळा, काळा हे रंग भिजत ठेवले की आपोआप गडद होतात. संध्याकाळी मध्यम जांभळं करून झाकून ठेवा, सकाळी ते एक-दोन छटा चढलेलं मिळेल. त्यामुळे रंग कमी लागतो, आणि आयसिंगमध्ये रंग कमी म्हणजे पसरायला मालही कमी. लगेच गडद हवं म्हणून चमचाभर जेल ओतलं की ते आयसिंग नीट सुकतच नाही, खाणाऱ्या मुलांच्या जिभा आणि पांढरे कपडेही रंगतात. कम्युनियनच्या पांढऱ्या फ्रॉकवर जांभळा डाग पडला की त्या मुलीची आई तुमच्या कुकीची चव लक्षात ठेवत नाही.

जांभळा निळसर पडत असेल तर ट्रे खिडकीपासून हलवा. जांभळ्यातला गुलाबी अंश उजेडात आधी उडतो आणि निळा मागे राहतो. अंधाऱ्या, हवेशीर खोलीत ठेवलेल्या कुकीजना हे होत नाही.

"नैसर्गिक रंग वापरा" असं सांगणारी ऑर्डर आली आणि तुम्ही जांभूळ किंवा कोकम वापरलंत, तर वेगळंच नाटक होतं. या फळांचा रंग आंबटपणावर अवलंबून असतो. अंड्याचा पांढरा बलक अल्कधर्मी असतो, त्यात तो रंग निळसर-करडा होतो. थोडा लिंबाचा रस घातला की परत फिरतो, पण रसाबरोबर पाणी आलंच. मी अशी ऑर्डर आली की द्राक्षं फिकी रंगवते, आणि तसं आधी सांगून ठेवते.

हवा

नाताळात ही तक्रार फारशी येत नाही. त्यावरूनच कळायला हवं की दोष पाककृतीत नसून हवेत असू शकतो. डिसेंबरात वसईतही हवा बऱ्यापैकी कोरडी असते. तेच आयसिंग, तोच हात, तोच रंग घेऊन एप्रिल-मेमध्ये बसलात की घोळ सुरू होतो, आणि ऑगस्टच्या १५ तारखेला स्वर्गोन्नयनाच्या सणासाठी किंवा ८ सप्टेंबरला मारियामातेच्या जन्मोत्सवासाठी निळ्या कुकीज करायला घेतल्यात तर हवा अक्षरशः हातात लागते. पुण्याकडची मैत्रीण "माझ्या तर दोन तासांत सुकतात" म्हणते ते खरंच असतं. तिचा सल्ला किनारपट्टीवर चालत नाही, एवढंच.

यामागचं गणित असं. साधी साखर हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःहून पाणी ओढून विरघळायला लागते. त्याखालीही आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास असेल तर आयसिंग सुकतं, पण रडतखडत. पावसाळ्यात आपल्याकडे ८५ सहज ओलांडलं जातं, म्हणजे पूर्ण सुकलेली कुकीही उघडी राहिली तर पुन्हा ओलावते.

म्हणून काही शे रुपयांचं आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र घ्या आणि ट्रेशेजारी ठेवा. आकडा ६० च्या खाली असेल तर पंखा पुरतो. ६० ते ७५ मध्ये खिडक्या बंद करून एसी ड्राय मोडवर लावा आणि सोबत पंखा. ओल्या हवेत नुसता पंखा लावला तर तो ओली हवाच कुकीवर फिरवत राहतो. ७५ च्या वर असेल तर एसी नसलेल्या खोलीत गडद-पांढरी नक्षी करायला घेऊच नका.

याच ठिकाणी आयसिंगमध्ये काय काय घालता तेही बघा. "कडक लागतं, दातात बसतं" म्हणून अनेक जणी ग्लिसरीन किंवा लिक्विड ग्लुकोज घालतात. दोन्ही पाणी धरून ठेवतात, आणि वर सांगितलेली ८५ ची मर्यादा आणखी खाली येते. डिसेंबरात घाला, खुशाल. उन्हाळ्यात अर्ध्यावर आणा, पावसाळ्यात बंद करा. मिक्सरमध्ये घरी दळलेली साखर हेही एक कारण असतं. ती भरड राहते, नीट विरघळत नाही, आणि बाजारच्या आयसिंग शुगरमध्ये असतो तसा कॉर्नफ्लोअर तिच्यात नसतो. दळायचीच असेल तर बारीक चाळणीने दोनदा चाळून थोडा कॉर्नफ्लोअर मिसळा.

लोण्याचे चट्टे

साध्या पांढऱ्या कुकीजवरही पिवळसर डाग आले असतील तर इथे या. दुधातली चरबी ३५ अंशांच्या आसपास पूर्ण वितळलेली असते आणि त्याच्या बरीच आधी मऊ होते. मे महिन्यातल्या स्वयंपाकघरात, शेजारी ओव्हन चालू असताना, बिस्किटातलं लोणी वर चढून आयसिंगमध्ये मुरतं. पांढऱ्यावरच ते दिसतं, म्हणून दोष आयसिंगवर येतो.

भाजलेल्या कुकीज पूर्ण गार होऊ द्या, मग स्वयंपाकघरातल्या टिपकागदावर रात्रभर ठेवा. कागदावर तेलकट गोल उमटले तर लोणी सुटतंय हे नक्की. पुढच्या खेपेला लोणी जरा कमी करा, पीठ लाटण्याआधी थंड करा आणि कुकी दोन मिनिटं जास्त भाजा. कच्चट राहिलेल्या बिस्किटातून लोणी जास्त सुटतं. आयसिंग करण्याची जागा ओव्हनपासून लांब हलवणं हा बिनखर्चाचा उपाय आहे आणि तो सगळ्यात जास्त विसरला जातो.

सोनं

चषकावर सोनेरी पावडर पाण्यात कालवून लावू नका. पाण्याने आयसिंग विरघळतं आणि खड्डे पडतात. व्होडकासारखं स्वच्छ, जास्त अल्कोहोलचं द्रव घ्या, ते लगेच उडून जातं. आपल्या घरांत ते शोधायला लांब जावं लागत नाही. लावायचं ते पूर्ण सुकलेल्या आयसिंगवर.

डबीवर काय लिहिलंय ते नीट वाचा. "बिनविषारी" म्हणजे "खाण्याजोगं" नव्हे. खाण्याची पावडर असेल तर डबीवर घटक लिहिलेले असतात आणि भारतात विकली जाणारी असेल तर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक असतो. हस्तकलेच्या दुकानातल्या चकचकीत पावडरींत पितळ, तांबं असू शकतं. २०१८ साली अमेरिकेतल्या रोड आयलंडमध्ये वाढदिवसाचा केक खाऊन मुलांना उलट्या झाल्या, आणि केकवरच्या सोनेरी झाकेच्या पावडरीत तांबं निघालं. सुटी, लेबल नसलेली डबी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

एवढं करूनही उतरतंच असेल तर

नक्षीची पद्धत बदला. द्राक्षांचे घड कुकीवर न काढता बटर पेपरवर घट्ट आयसिंगने काढा, दोन दिवस सुकवा, आणि सोलून जाड आयसिंगच्या टिंबाने सुकलेल्या कुकीवर चिकटवा. ओलं जांभळं पांढऱ्याला लागतच नाही, त्यामुळे झिरपायचा प्रश्न मिटतो. हे आठवडाभर आधी करून हवाबंद डब्यात ठेवता येतं. वेळ जास्त जातो, काही घड मोडतात, म्हणून थोडे जास्त करा. मोठ्या ऑर्डरीला मी आता हीच पद्धत सुचवते.

यापुढचा उपाय म्हणजे फळं-भाज्या सुकवायचं यंत्र, अगदी कमी तापमानावर, ३५ ते ४० अंशांवर, अर्धा-पाऊण तास. पृष्ठभाग झटकन धरतो, पण लोणीही सुटू शकतं, त्यामुळे एका कुकीवर करून बघा. नियमित ऑर्डरी नसतील तर या यंत्रावर पैसे घालू नका.

आधीच बिघडलेल्या कुकीवर पांढरं पुन्हा फासू नका, जांभळा त्यातूनही वर येतो. पूर्ण सुकू द्या आणि डागावर जाड हिरव्या आयसिंगची द्राक्षवेलीची पानं काढा. पानांनी बरंच झाकलं जातं.

पाकीटबंद करण्याआधी शेवटच्या रंगानंतर २४ तास जाऊ द्या. ओली कुकी पाकिटात गेली की आतली ओल आतच राहते, आणि तुमच्या टेबलावर स्वच्छ असलेली कुकी हॉलवर पोचेपर्यंत डागाळते.

कुठे थांबायचं

ट्रेच्या एका बाजूच्या कुकीज नेहमी कच्चट आणि दुसऱ्या बाजूच्या करपत असतील तर ओव्हनमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवून बघा. लावलेल्या आकड्यापेक्षा २० अंशांहून जास्त फरक दिसला तर ओव्हनचा मेकॅनिक बोलवा. थर्मोस्टॅट स्वतः उघडू नका. ओव्हनच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येऊन अर्थिंग तपासेपर्यंत तो वापरू नका.

लेबल नसलेली सोनेरी पावडर आधीच कुकीजवर लागली असेल तर त्या सगळ्या फेकायच्या, खरवडून देऊ नका. कुणी खाल्ल्या आणि उलट्या सुरू झाल्या तर डॉक्टरकडे जाताना ती डबी सोबत न्या.

आणि गुरुवारी रात्री खोलीतली आर्द्रता ७५ च्या वर असेल, एसी नसेल, आणि रविवारी शंभर कुकीज द्यायच्या असतील, तर शुक्रवारी सकाळी त्या घरी फोन करा. दोनच मार्ग सुचवा. एक, जांभळं पूर्ण वगळून पांढऱ्यावर पांढरा क्रॉस आणि सोनेरी काठ. पांढऱ्यातून पांढरा झिरपला तर दिसत नाही. दुसरा, एसी असलेल्या व्यावसायिक बेकरीकडून काम करून घेणं, पैसे ज्याचे त्याला. शुक्रवारी सांगितलंत तर त्या कुटुंबाला निवड करता येते. शनिवारी रात्री सांगितलंत तर एकही बेकरी हातात घेणार नाही.